स्कंदरबेग चौकाचा चढ

अल्बेनियाची राजधानी तिराना. तिच्या मधोमध असलेला स्कंदरबेग चौक कडेला उभं राहून पाहिला तर सपाटच वाटतो. चारी बाजूंना अवाढव्य सरकारी इमारती आणि मध्ये दगडी फरसबंदीचं भलंमोठं मोकळं मैदान. कडेच्या झाडीतून बाहेर पडून मध्याकडे चालू लागलं की पोटऱ्यांना हलका चढ जाणवतो. बाबागाडी ढकलणाऱ्या बाईला जोर लावावा लागत नाही आणि चाकाच्या खुर्चीतला माणूसही सहज वर येतो, इतका तो हलका आहे. मध्याशी पोहोचेपर्यंत मात्र आपण कडेपेक्षा सुमारे अडीच मीटर उंचावर आलेले असतो. अख्खा चौक म्हणजे एक अत्यंत बसका पिरॅमिड आहे. तिथून वळून पाहिलं की राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आणि संस्कृती भवन या इमारतींचे चौथरे, ज्यांच्याकडे एरवी मान वर करून पाहावं लागलं असतं, ते थेट नजरेसमोर येतात.

या अडीच मीटरांबद्दल वाचलं तेव्हापासून मला तिरानाला जायचं होतं. युरोपातल्या उत्तम सार्वजनिक जागांना बार्सिलोनाच्या समकालीन संस्कृती केंद्रातर्फे दर दोन वर्षांनी एक पुरस्कार दिला जातो. २०१८ साली तो या चौकाला मिळाला. पुरस्कार मिळालेल्या जागा छायाचित्रांत देखण्या दिसतातच. रोजच्या वापरात त्या कशा वागतात, म्हातारी माणसं तिथे कुठे टेकतात, पावसात काय होतं, दुपारी दोन वाजता तिथे कोण असतं, हे तिथे जाऊनच पाहावं लागतं.

रिनास विमानतळापासून शहर साधारण सतरा किलोमीटर. विमानतळाची बस संस्कृती भवनाच्या मागच्या अंगाला सोडते. त्यामुळे परक्या माणसाची शहराशी पहिली ओळख या चौकातच होते. सामान घेऊन मी इमारतीला वळसा घातला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि चौकात ‘जिरो’ सुरू झाला होता. संध्याकाळी आवरून, नीट कपडे करून, घरच्यांबरोबर किंवा मित्रमैत्रिणींबरोबर गावातून चालायला निघायचं, ही अल्बेनियातली जुनी रीत. तिला जिरो म्हणतात. चालायचं ते कुठे पोहोचायला म्हणून नाहीच. ओळखीचं कोणी भेटलं की थांबायचं, दोन शब्द बोलायचे, पुढे निघायचं. लहान गावांत जिरोच्या वेळेला मुख्य रस्ता गाड्यांना बंद ठेवतात. तिरानात हा रिवाज वाहनांच्या गर्दीत गुदमरला होता. चौक मोकळा झाल्यावर त्याला पुन्हा पाय ठेवायला जागा मिळाली. आजोबांची एक टोळी हात पाठीमागे बांधून चौकाला फेऱ्या मारत होती. त्यांच्यातल्या प्रत्येकाने कोट घातला होता.

हा चौक कोणी आणि कशासाठी बांधला, हे समजल्याशिवाय त्या चढाचं महत्त्व कळत नाही.

तिरानाची स्थापना १६१४ सालची मानतात. ती अल्बेनियाची राजधानी झाली १९२० मध्ये. तेव्हा ते मशिदी, मनोरा आणि बाजार असलेलं एक लहानसं गाव होतं. त्या गावाच्या दोन खुणा चौकाच्या आग्नेय कोपऱ्यात आजही उभ्या आहेत. एक एथेम बे मशीद आणि दुसरा १८२२ मधला, पस्तीस मीटर उंचीचा घड्याळ मनोरा. एथेम बे मशीद आत जाऊन पाहायलाच हवी. तिच्या भिंतींवर झाडं, धबधबे, पूल रंगवलेले आहेत. मशिदीत अशी निसर्गचित्रं विरळाच.

पुढे इटालियन वास्तुकार आले. फ्लोरेस्तानो दी फाउस्तो याने चौकाच्या दक्षिणेला मंत्रालयांच्या पिवळ्या-तांबड्या इमारती उभ्या केल्या. तिथून दक्षिणेकडे सरळ रुंद राजमार्ग आखला गेला. १९३९ मध्ये इटलीने देश गिळला. दुसऱ्या महायुद्धानंतर एन्व्हर होजाच्या कम्युनिस्ट राजवटीने तोच सांगाडा घेतला आणि त्याला आणखी मोठा केला. जुना बाजार पाडून तिथे संस्कृती भवन बांधायला घेतलं. त्याची कोनशिला १९५९ साली निकिता ख्रुश्चेव्हच्या हस्ते बसवली गेली. दोनच वर्षांनी होजाने सोव्हिएत संघाशी नातं तोडलं आणि इमारत अल्बेनियनांनी स्वतः पुरी केली. उत्तरेला १९७९ मध्ये पंधरा मजली हॉटेल आलं. त्याच्या शेजारी १९८१ मध्ये इतिहास संग्रहालय उघडलं. संग्रहालयाच्या दर्शनी भागावर भलंथोरलं मोझेक आहे. प्राचीन इलिरियन योद्ध्यांपासून बंदूक उंचावलेल्या क्रांतिकारकांपर्यंत सगळे त्यात आपल्या अंगावर चालून येतात.

या इमारती वेगवेगळ्या राजवटींच्या आहेत. तरी त्यांचा हेतू एकच होता. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला आपण किती लहान आहोत, हे कळावं. चौकाचा वापरही तसाच होता. संचलनं, सभा, नेत्यांना सलामी. मध्ये पुतळे येत गेले. आधी स्टालिन होता. १९६८ मध्ये त्याच्या जागी घोड्यावरचा स्कंदरबेग आला. १९८८ मध्ये संग्रहालयाजवळ खुद्द होजाचा पुतळा उभारला. तो २० फेब्रुवारी १९९१ रोजी लोकांनी दोर लावून खाली ओढला. त्याच्याही महिनाभर आधी, १८ जानेवारीला, हजारो माणसं परवानगीची वाट न पाहता एथेम बे मशिदीत शिरली होती. होजाने १९६७ पासून देशात धर्म पाळण्यालाच बंदी केली होती. मशीद तेव्हापासून बंद होती. असं सांगतात की त्या दिवशी आत शिरणाऱ्यांत केवळ मुसलमान नव्हते.

स्कंदरबेगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मराठी वाचकाला तो लगेच जवळचा वाटेल. त्याचं मूळ नाव ग्येर्ग कास्त्रिओती. ऑटोमन दरबारात ओलीस म्हणून वाढला, त्यांचाच सरदार झाला. १४४३ मध्ये तो ऑटोमन सैन्य सोडून आपल्या क्रुया किल्ल्यावर परतला आणि तिथून १४६८ मध्ये मरेपर्यंत, पंचवीस वर्षं, डोंगर आणि किल्ल्यांच्या बळावर त्याने एका साम्राज्याला थोपवून धरलं. पुढे अल्बेनियन राष्ट्रवादाने त्याला आपला नायक केलं. त्याच्या निशाणावरचा दुतोंडी काळा गरुड आज देशाच्या झेंड्यावर आहे. त्याच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली तेव्हा ओदिसे पास्काली या शिल्पकाराने सहकाऱ्यांसह हा पुतळा घडवला. राजे गेले, फॅसिस्ट गेले, कम्युनिस्ट गेले. हा एकटाच सगळ्यांना मान्य राहिला.

आता गाड्यांकडे येऊ.

होजाच्या काळात सामान्य माणसाला खासगी मोटार बाळगायला मनाई होती. गाड्या पक्षाच्या बड्या लोकांकडे. इतरांनी चालायचं, सायकल चालवायची, बसची वाट पाहायची. त्या काळच्या छायाचित्रांत हा चौक आजच्याइतकाच मोकळा दिसतो. तो मोकळेपणा लोकांनी निवडलेला नव्हता, हाच काय तो फरक. १९९१ मध्ये बंदी उठली आणि जर्मनीहून जुन्या मर्सिडीजचा ओघ लागला. खेड्यापाड्यांतून माणसंही तितक्याच वेगाने राजधानीत आली. ज्यांना अर्धं शतक स्वतःच्या इच्छेने कुठे जाता आलं नव्हतं, त्यांना मोटार म्हणजे नुसतं वाहन वाटलं नाही. ती सुटका होती. पुढच्या काही वर्षांत स्कंदरबेग चौक हा एक प्रचंड वाहतूक वर्तुळ होऊन बसला. गाड्या, धूर, भोंगे आणि मधल्या बेटावर एकटा पडलेला घोडेस्वार. मशिदीतून संग्रहालयाकडे चालत जायचं तर जीव मुठीत धरून पळावं लागे.

म्हणून तिरानातल्या कोणी चौक गाड्यांना बंद करण्याला विरोध केला असेल, तर त्याला मी अडाणी म्हणणार नाही. पादचाऱ्यांच्या बाजूने बोलणारे आम्ही लोक हे फार सहज विसरतो. रस्ता परत घेताना आपण कोणाच्या तरी नव्याने मिळालेल्या मोकळिकीला हात घालत असतो. त्या माणसाला त्याहून चांगलं काही द्यावं लागतं. नुसता बंदीचा फलक लावून भागत नाही.

हे ज्याने ओळखलं तो एदी रामा. हा मूळचा चित्रकार. एकेकाळी राष्ट्रीय बास्केटबॉल संघातही खेळलेला. २००० साली तो तिरानाचा महापौर झाला. त्या वेळी लाना नदीचा काठ आणि शहरातली मुख्य बाग बेकायदा टपऱ्या-उपाहारगृहांनी गिळलेली होती. रामाने ती हटवली. तिजोरीत फारसं काही नव्हतं, म्हणून करड्या, उखडलेल्या इमारतींना नारिंगी, पिवळे, हिरवे भडक रंग दिले. त्यावर टीका भरपूर झाली. रंगाने नळाला पाणी येत नाही, असं लोक म्हणाले आणि ते खोटं नव्हतं. तरीही आपलं शहर कोणाच्या तरी नजरेत आहे, ही जाणीव परत आली, असं जुने रहिवासी आजही सांगतात.

चौकासाठी २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली. ती जिंकली ब्रसेल्सच्या ‘५१एन४ई’ या वास्तुकार गटाने. गटाचं नाव ब्रसेल्सच्या अक्षांश-रेखांशांवरून घेतलेलं आहे. त्यांच्याबरोबर होता आन्री साला, तिरानात जन्मलेला आणि जगभर नाव झालेला दृश्यकलावंत. मध्यभाग उंचावण्याची, रिकामा ठेवण्याची आणि भोवती बागांचं कडं करण्याची कल्पना यांची. २०१० मध्ये काम सुरू झालं.

आणि २०११ मध्ये निवडणूक आली. रामा विरुद्ध लुल्झिम बाशा. मतमोजणीवरून मोठा वाद झाला, आणि अखेर शंभराहूनही कमी मतांनी बाशा विजयी ठरला. नव्या महापौराने काम थांबवलं. रस्ते परत आले, मध्ये गवताचा हिरवा पट्टा आला. शंभर मतांचाही फरक नाही आणि एका राजधानीचं केंद्र पुढची काही वर्षं वेगळं दिसलं! शहराची रचना ही तज्ज्ञांची बाब आहे, असं जे म्हणतात त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. २०१५ मध्ये एर्यॉन वेलियाय महापौर झाला. तोवर रामा पंतप्रधान झालेला होता. जुना आराखडा बाहेर निघाला, पुन्हा खोदकाम झालं आणि जून २०१७ मध्ये चौक लोकांसाठी उघडला.

या मधल्या रखडण्याचा एक फायदाही झाला असं मला वाटतं. तिरानाकरांनी दोन्ही तऱ्हा जगून पाहिल्या. बंद चौक पाहिला, परत गाड्यांचा चौक पाहिला. त्यामुळे तुलना कागदावरची राहिली नाही.

चौकाचं क्षेत्र साधारण चाळीस हजार चौरस मीटर, म्हणजे दहा एकरांच्या आसपास. फरसबंदीचे दगड अल्बेनियाच्या निरनिराळ्या भागांतून आणि सीमेपलीकडच्या अल्बेनियन भाषक प्रदेशांतून आणलेले आहेत. गुलाबी, करडे, पिवळसर, हिरवट, शेवाळी, अगदी पांढरे. कोरडे असताना ते सगळे एकाच फिकट धुळकट रंगाचे दिसतात. योजना करणाऱ्यांनी इथे एक सुंदर गोष्ट केली आहे. माथ्याजवळ जमिनीतूनच पाणी झिरपतं आणि उताराने सगळ्या बाजूंना पसरत जातं. जिथे जिथे दगड भिजतो तिथे त्याचा खरा रंग वर येतो. पाण्याची वाट जाईल तसा गुलाबी दगड गुलाबी होतो, शेजारचा हिरवा. उन्हात ते सुकतं, रंग विरतो, पुन्हा पाणी येतं.

या कारंज्याला कठडा नाही. हौद नाही, ‘पाण्यात उतरू नये’ अशी पाटी नाही. त्यामुळे ते मुलांचं झालं आहे. चपला हातात घेऊन पोरं त्या पातळ ओघळातून धावतात, मागून आया ओरडतात. आपल्याकडे कारंजं म्हटलं की आधी जाळी येते. इथे पाणी बोटभरही खोल नसल्यामुळे जाळीची गरजच उरत नाही. पाऊस पडला की हाच उतार पाणी बाहेर काढून देतो. मी तिथे असताना एकदा जोराची सर येऊन गेली. लोक कमानींखाली थांबले, आणि पाऊस थांबल्यावर चौकात कुठेही तळं साचलेलं नव्हतं. फक्त सगळे दगड एकाच वेळी रंगले होते. परदेशी पाहुण्यांपेक्षा तिथल्याच लोकांचे मोबाइल तेव्हा जास्त बाहेर निघाले, हे मला फार आवडलं.

मधला भाग रिकामा ठेवायचा, तर सावली कुठे? त्याचं उत्तर कडेला आहे. उघडा माथा आणि इमारती यांच्यामध्ये बारा लहान बागांचं कडं आहे. झाडं आणि झुडपं इथल्याच हवामानात वाढणारी निवडली आहेत. प्रत्येक बाग एकेका इमारतीचं अंगण असल्यासारखी मांडली आहे. ग्रंथालयासमोरच्या बागेत लोक वाचत बसतात, संग्रहालयासमोर शाळेच्या सहली डबे उघडतात. बसायला बाकं आहेत, आणि कुठे बसायचं याची सक्ती नाही. गाड्या ठेवायला चौकाच्या पोटात भुयारी वाहनतळ केला आहे. म्हणजे गाडी हद्दपार झाली नाही, नजरेआड झाली. कडेच्या रस्त्यांवरून बस अजूनही जातात. मला ही तडजोड शहाणपणाची वाटली.

मोकळी ठेवलेली जागा काही तरी ‘करण्यासाठी’ लगेच मागितली जाते. तिरानातही डिसेंबरात इथे नाताळचा बाजार भरतो, मैफली होतात, २८ नोव्हेंबरच्या स्वातंत्र्यदिनाला गर्दी उसळते. ते संपलं की मांडव निघतात आणि चौक परत मोकळा होतो. हे परत मोकळं होणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोठ्या माणसाचा पुतळा, कायमचा रंगमंच, फुलांचं घड्याळ, यांतलं काहीही माथ्यावर बसवलं असतं तर तिथे उभं राहायची जागा एका कोणाची झाली असती. आज तिथे जो चालत जाईल तो उभा राहतो. पंधरा मिनिटांत मी त्या जागी एक म्हातारं जोडपं, स्केटबोर्ड घेतलेली दोन मुलं, एक नवरी आणि तिचा छायाचित्रकार, आणि बूट सोडून अनवाणी उभी असलेली एक तरुणी पाहिली. जिथे एके काळी नेता मंचावरून खाली पाहत असे, त्या चौकात आता उंचावर असतो तो चालणारा माणूस. आराखड्याचा सगळा अर्थ त्यात आहे. तो सांगायला एकही फलक लावलेला नाही.

आता जे पटलं नाही तेही सांगते. उन्हाळ्यात भर दुपारी हा माथा भाजून निघतो. तिरानात जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीपार जातो, आणि फिकट दगडावरून परतणारं ऊन डोळ्यांना टोचतं. दुपारी बारा ते पाच या वेळात मध्यभागी जवळजवळ कोणी नसतं. सगळे बागांच्या कड्यात किंवा कॉफीच्या टेबलांवर. मधला भाग उघडा हवा, हा आग्रह मी समजू शकते. झाडं लावली असती तर इमारतींच्या नजरेला नजर देण्याची गोष्टच उरली नसती. तरी उन्हाळ्याच्या महिन्यांपुरती कापडाची छतं उभी करता येतील. पृथ्वी तापत चालली असताना चाळीस हजार चौरस मीटरांच्या चौकाने सावलीचा विचार फक्त कडेला करून चालणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. चौकाभोवतीचं आकाश झपाट्याने भरत चाललं आहे. मागच्या अंगाला उंच मनोऱ्यांच्या रांगा उगवल्या आहेत. स्कंदरबेगाच्या चेहऱ्याचा आकार दिलेली एक इमारतही त्यांत आहे. पंच्याऐंशी मीटरचा एक मनोरा तर चौकाची आखणी करणाऱ्या ‘५१एन४ई’नेच केला. त्यांनी पायथ्याशी असलेल्या कापलान पाशाच्या जुन्या थडग्यासाठी इमारतीचा कोपरा आत दाबून जागा सोडली, ही त्यातली चांगली बाजू. सगळ्यांनी तेवढं भान ठेवलेलं नाही. आणि चौकापासून काही मिनिटांच्या अंतरावर जे राष्ट्रीय नाट्यगृह होतं, ते १७ मे २०२० च्या पहाटे पाडण्यात आलं. १९३० च्या दशकाच्या अखेरीची ती इटालियन काळातली वास्तू वाचवण्यासाठी कलावंत आणि नागरिक दोन वर्षांहून जास्त काळ आंदोलन करत होते. युरोपातल्या सर्वाधिक धोक्यातल्या वारसा स्थळांच्या यादीत तिचं नाव आलं होतं. चौक लोकांना देणारं सरकार आणि नाट्यगृह लोकांकडून घेणारं सरकार यांत माणसं बरीचशी तीच. म्हणून पुरस्कारांच्या कौतुकात हे विसरू नये. चांगली सार्वजनिक जागा एकदा मिळाली म्हणजे पुढच्या जागेची हमी मिळाली, असं होत नाही.

राजमार्गाने दक्षिणेकडे चालत गेलं की डाव्या हाताला काँक्रीटचा खरा पिरॅमिड लागतो. १९८८ मध्ये तो होजाचं संग्रहालय म्हणून बांधला गेला. राजवट गेल्यावर तो पडून राहिला आणि मुलं त्याच्या उतारावरून घसरगुंडी खेळू लागली. डच वास्तुकारांनी त्याला बाहेरून पायऱ्या काढल्या आणि २०२३ पासून कोणीही माथ्यावर चढून बसतं. चौकातली कल्पनाच इथे पुन्हा भेटते. रस्त्याच्या टोकाला मदर तेरेसा चौक आहे. कोलकात्याच्या मदर अल्बेनियन वंशाच्या. त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत होत्या, आणि दोघी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इथेच वारल्या. जगभर फिरणाऱ्या या लेकीला होजाच्या राजवटीने आईला भेटायला येऊ दिलं नाही. त्यांना इथे पाऊल ठेवता आलं ते १९८९ मध्ये. भारतीय आहे म्हटल्यावर कॉफीवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे आधी ‘नेने तेरेसा’ म्हणतात, ‘आई तेरेसा’, आणि मग बोलायला सुरुवात करतात.

चालताना पुण्याची आठवण येणं अटळ होतं. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा उंबऱ्या गणपती ते गरूड गणपती हा भाग एक दिवस गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. त्यानंतर दर वर्षी तो होतो. त्या दिवशी त्या रस्त्यावर मुलं सापशिडी खेळतात, ज्येष्ठ नागरिक मधोमध खुर्च्या टाकून बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या परत येतात. आपल्याकडे इच्छा नाही असं नाही, कल्पनाही कमी नाहीत. एक दिवसाचं वर्षभराचं करण्याइतका राजकीय हिय्या अजून झालेला नाही. तो तिरानालाही पहिल्या फटक्यात जमला नव्हता. स्पर्धेपासून उद्घाटनापर्यंत नऊ वर्षं गेली आणि मध्ये एकदा सगळं पुसलं गेलं. आपल्या नगरसेवकांनी परदेशी अभ्यासदौऱ्यासाठी शहर निवडायचं असेल तर पॅरिस, सिंगापूरपेक्षा तिरानाला जावं. गरीब, धुळीचं, घाईने वाढलेलं, भांडखोर राजकारणाचं शहर आहे. त्याच्या अडचणी आपल्या ओळखीच्या आहेत.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. भारतीयांना अल्बेनियाचा इ-व्हिसा घेता येतो. शेंगेन, अमेरिका किंवा ब्रिटनचा चालू, अनेक प्रवेशांचा आणि एकदा वापरलेला व्हिसा असणाऱ्यांना वेगळ्या व्हिसातून सवलत मिळत आली आहे. नियम बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. शाकाहाऱ्यांनी पालक किंवा चीज भरलेला ‘ब्युरेक’ खावा. तो सकाळी गरम मिळतो आणि त्याने पोट भरतं. चौकाला लागूनच जुन्या गृहखात्याखालचा बंकर आता ‘बंकआर्ट २’ नावाचं संग्रहालय आहे. गुप्त पोलिसांनी काय केलं याची ती नोंद आहे. आधी ते पाहावं आणि मग वर चौकात यावं. क्रम उलटा करू नये. मुक्काम चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्यावा, आणि चौकात एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी सहानंतर, जिरोच्या वेळी, नक्की जावं. सोबत आईवडील किंवा लहान मुलं असतील तर बिनधास्त न्यावं, कारण या चढावर त्यांची दमछाक होत नाही.